विमलताईंचा ट्रे

विमलताईंना कुणी हातात सुरी दिली तर त्या घेत नसत. अहो, सुरीच्या टोकावर फोड पुढं करणाऱ्या कलिंगडवाल्याला त्यांनी भर बाजारात झापलं होतं: "आदी सुरी खाली ठेव रे! मंग फोड दे." त्या बिचाऱ्यानं घाबरून सुरी तागडीतच टाकली.

माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्या ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टर. त्यांचा नियम असा, की ब्लेड, सुई, कात्री हातोहात द्यायची नाही. देणाऱ्यानं ट्रेमध्ये ठेवायची, मोठ्यानं सांगायचं, घेणाऱ्यानं उचलायची. आमचे सर्जन लई तापट. एकदा त्यांनी सवयीनं हात पुढं केला. ताई ढिम्म.

"सिस्टर, ब्लेड!"

"ट्रेमदी हाय, सायेब. तुमचा हात सोन्याचा आसंल, पर माजी बोटं काय कोथिंबिरीची जुडी न्हाईत."

साहेबांनी मुकाट्यानं उचललं. मास्कमागं हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

मी तिथं नवी नर्स. त्या दुष्काळी उन्हाळ्यात माझं लग्नही ठरलेलं. एका ऊसतोडणीवाल्या बाईचं ऑपरेशन आटोपलं आणि मी वापरलेल्या सुईला टोपण लावायला गेले. आधीच्या दवाखान्यात आम्ही सगळ्या तसंच करायचो. ताईंनी मात्र सक्त मनाई केली होती. सुई खचकन बोटात घुसली.

म्हटलं, आता काही आपली खैर नाही! पण ताईंनी माझं मनगट धरून मला नळाशी नेलं. नळ कोरडा होता. त्यांनी घरून आणलेलं प्यायचं पाणी, साबण लावून, सगळंच्या सगळं माझ्या बोटावर ओतलं. "पिळू नको गं. निस्तं धू." मग मला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू झाल्या.

शेवटची तपासणी होईपर्यंतचे पुढचे काही महिने मी नुसती भीतीनं अर्धी झाले. लग्न लांबवलं. गोळ्यांनी मळमळायचं. ताई रोज भाकरी घेऊन खोलीवर यायच्या, समोर बसायच्या. "आदी गोळी गिळ. रडायचं मंग बगू."

शेवटचा रिपोर्ट निर्धोक आला. मी भोकाड पसरलं. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुज्याएवढी आसताना मलाबी टोचलं हुतं. माजाबी रिपोर्ट चांगला आल्ता. पर कुणाच्या गळ्यात पडावं, आसं कुणीच नव्हतं बग."

मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले. "बास की, बास," म्हणत राहिल्या, पण मला सोडेनात.