पांढरीची डागडुजी

साल दोन हजार बावीस, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. खासबागेतल्या तानीबाईंनी धारवाडच्या आपल्या मुलाला फोनवर ठणकावून सांगितलं, "यशपाल, निपाणीपर्यंत माझ्या गाडीतली एक वस्तू जरी निखळली, तर खुशाल भंगारात घाल! आणि न्हाय निखळली, तर परत गाडीचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

"कबूल!" यशपाल इतक्या चटकन म्हणाला, की फोन ठेवल्या ठेवल्या तानीबाई गाडीकडं एकदा बघून आल्या.

गाडीला घरात सगळे पांढरी म्हणत. एकोणीसशे नव्व्याण्णवची. तेव्हा तानीबाई दवाखान्यात नर्स होत्या आणि त्यांचे यजमान भीमाप्पा पोस्टात. गाडी आली त्याच आठवड्यात ती तानीबाईंच्या माहेरी, निपाणीला गेली. त्यांच्या आईचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. ती म्हातारी पुढच्या सीटवर बसली ती चपला हातात घेऊन! पाय म्हणून खाली टेकवेना. डॅशबोर्डवरून पिवळी पडलेली बोटं फिरवली आणि म्हणाली, "तानी, घरातल्या भांड्यापरास ह्ये गुळगुळीत हाय की गं!" म्हातारी जाऊन आता चौदा वर्षं झाली होती. नात उपासनाचा साखरपुडा निपाणीच्याच विहारात ठरला, तेव्हा पोरीनं पांढरीतूनच जायचं, असा तानीबाईंनी हट्ट धरला. आणि तो हट्ट निभावून गाडीही कायमची राखायची होती.

पांढरीचं इंजिन ठणठणीत होतं. दुखणं सगळं आतल्या बारीकसारीक वस्तूंचं. भीमाप्पांच्या बाजूचं दार आतून उघडायचं तर हँडल वर उचलून खांद्यानं धडक द्यावी लागे. हॉर्न नुसता दाबून वाजत नसे. स्टिअरिंगच्या मधोमध मुठीनं गुद्दा घालावा लागे. तानीबाईंच्या समोरच्या कप्प्याचं झाकण प्रत्येक खड्ड्याला आ वासायचं, म्हणून त्या ते गुडघ्यानं दाबून बसत. आणि पेट्रोलचा काटा! तो अकरा वर्षं बरोब्बर अर्ध्यावर उभा होता. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, हा आपला चौकातल्या पुतळ्यासारखा स्थिर! भीमाप्पा पेट्रोल घातलं की किलोमीटरचा आकडा ध्यानात ठेवत आणि त्यावरून अंदाज बांधत. नवरा-बायको दोघं मिळून, हातापायांनी आणि खांद्या-गुडघ्यांनी, गाडी चालवत होते म्हणा ना.

यशपालला यातलं काही अंगवळणी पडलेलं नव्हतं. पांढरीवरच गाडी शिकून तो नोकरीला धारवाडला गेला तेव्हा ती नवीकोरी होती. पुढं त्यानं स्वतःची गाडी कधी घेतलीच नाही. त्याच्या मते गाडी म्हणजे डोक्याला ताप.

साखरपुड्याच्या आदल्या शुक्रवारी भीमाप्पा सांबऱ्याला बहिणीकडं राहायला गेले आणि तानीबाईंनी संधी साधली. एरवी भीमाप्पा कुठल्या मिस्त्रीला पांढरीजवळ फिरकू देत नसत. तानीबाईंनी कोपऱ्यावरच्या भरमू मिस्त्रीला बोलावलं.

"आक्का, ह्यातलं नवीन कायबी मिळत न्हाय आता," भरमूनं गाडीत डोकं घालून सांगितलं. "पर माझ्याकडं सेम टू सेम एक ठोकलेली गाडी पडलीया. तिचं काढून हिला बसवतो."

"बसव. पण ह्यांच्या कानावर जाता कामा नये."

"का वो?"

"सरप्राइज!"

भरमूनं दाराचं हँडल, कप्प्याची खिट्टी, हॉर्नचं बटण, सगळं बदललं. काट्यासाठी तर पूर्ण मीटरच उचलून दुसरा घातला. मग तो तानीबाईंना बसवून कंग्राळीपर्यंत चक्कर मारून आला. दार बोटानं उघडत होतं! हॉर्न नुसत्या स्पर्शानं वाजत होता! तानीबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी कंग्राळीच्या आणखी दोन चकरा मारायला लावल्या.

शनिवारी संध्याकाळी भीमाप्पा आले, रात्री यशपाल आणि उपासना आले. सून समता बाकीच्या पाहुण्यांबरोबर परस्पर निपाणीला गेलेली. रविवारी सकाळी साडेआठला भीमाप्पा गाडीत बसले, गाडी चालू केली आणि चष्मा घरात राहिल्याचं आठवलं. सवयीप्रमाणं त्यांनी हँडल वर उचललं आणि खांद्यानं दाराला धडक दिली.

दार आपसूकच उघडणारं होतं! भीमाप्पा बाहेर फेकले गेले ते थेट शेजारच्या जयाबाईंच्या रांगोळीत. हातात हँडल तसंच.

"आता गं बाई!" जयाबाई ओरडल्या. "भाऊजी, दाराला बेल हाय की!"

यशपाल घराला कुलूप लावत होता. तानीबाईंनी झडप घालून नवऱ्याच्या हातातलं हँडल काढून घेतलं आणि पर्समध्ये कोंबलं.

"तानी, हे कुणाचं हँडल?"

"चूप बसा! चष्मा यशपाल आणतोय. गाडीत बसा!"

काकती मागं पडली. रस्ता गुळगुळीत, हवा छान. तानीबाई पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या होत्या. एवढ्यात कट्‌ असा आवाज झाला. पाहतात तो कप्प्याची नवी खिट्टी मोडून त्यांच्याच मांडीवर! अकरा वर्षांची सवय गुडघ्याला. तो आपला झाकण दाबतच राहिला होता. त्यांनी खिट्टीही पर्समध्ये टाकली आणि आता खरोखरच गुडघा लावून बसल्या.

"आज्जी, कसला आवाज गं?" मागून उपासनानं विचारलं.

"माझा गुडघा वाजला बाळ. वय झालं."

हत्तरगी गेल्यावर भीमाप्पांचं लक्ष मीटरकडं गेलं आणि ते तानीबाईंकडं झुकले. "तानी! गुरुवारी चौऱ्याऐंशी हजार होतं. आज एकसष्ट हजार! गाडी तेवीस हजार किलोमीटर मागं गेलीया!"

"हळू बोला की!"

"भरमू आलता काय?"

"आलता."

"माझ्या माघारी?"

"आप्पा, काय झालं?" यशपाल पुढं वाकला.

"काय न्हाय," भीमाप्पा दात आवळून म्हणाले. "हवा लई चांगली हाय म्हणतोय."

"पण पेट्रोलचा काटा तळाला गेलाय तुमचा."

"तो काटा कालचा हाय. त्याचं काय ऐकायचं? जुना अकरा वर्षं इमानदारीत अर्ध्यावर उभा होता! गुरुवारीच पेट्रोल घातलंय मी, निपाणीपर्यंत पुरून उरतंय."

तानीबाईंना कंग्राळीच्या तीन चकरा आठवल्या. सांगावं तर मागं यशपाल बसलेला. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

संकेश्वरला पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मागं दोन ट्रॉल्या. भीमाप्पा आधीच तापलेले. त्यांनी मूठ वळली आणि स्टिअरिंगवर असा गुद्दा घातला, की बटणाचं झाकण उडून तानीबाईंच्या ओटीत पडलं आणि हॉर्न आत अडकला. प्यांऽऽऽ! थांबेचना! रस्त्यावरची माणसं, म्हशी, भाजीवाल्या, सगळे कडेला झाले. कुणीतरी मोठा पुढारी चाललाय समजून दोघांनी नमस्कारसुद्धा घातला. तानीबाईंनी तो हात हलवून स्वीकारला. दुसरं करणार काय?

"केळस्तैति री, केळस्तैति!" ऐकू येतंय हो, म्हणून ट्रॅक्टरवाला कानावर हात ठेवून ओरडत होता.

शेवटी यशपालनं उतरून बॉनेट उघडलं आणि हॉर्नची तार उपसली. तेवढ्या वेळात झाकणही पर्समध्ये गेलं.

कणगल्याच्या अलीकडं पांढरीनं दोन आचके दिले आणि ती शांतपणे रस्त्याच्या कडेला उभी राहिली. काटा खरं बोलत होता. साडेदहा वाजले होते आणि विहारात अकराची वेळ.

"आई, तुझा फोन दे," यशपाल म्हणाला. "माझ्याला रेंज न्हाय. समताला कळवतो."

तानीबाईंनी पर्स छातीशी धरली. "असू दे रं. समजून घेतील ते."

"आज्जी, माझा साखरपुडा हाय!" उपासनानं पर्स ओढली आणि उघडली. फोन काढायला तिला आधी हँडल काढावं लागलं, मग खिट्टी, मग हॉर्नचं झाकण.

यशपालनं हँडल हातात घेऊन दाराशी ताडून पाहिलं.

"सगळं मी केलं," तानीबाई म्हणाल्या. "भरमूला मीच बोलावलं. पेट्रोलबी मीच फिरून संपवलं. गाडी राहावी म्हणून केलं रं. हिच्यात माझी आई बसलीया."

भीमाप्पा खिडकीतून हात बाहेर काढून, बाहेरून दार उघडून उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "मला न सांगता केलंस ना तानी? ह्या गाडीला मी वळखत न्हाय. कुणीबी चालवा."

यशपाल एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून गेला, बाटलीतून पेट्रोल घेऊन आला आणि स्वतः चालवायला बसला. त्याच्या हातांना गुद्दे ठाऊक नव्हते, खांद्यांना धडका ठाऊक नव्हत्या. त्यानं गिअर टाकला आणि पांढरी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. तवंदीचा घाट तो शीळ घालत उतरला! वीस वर्षांत त्याला शीळ घालताना कुणी ऐकलं नव्हतं.

पोचायला पावणेबारा झाले. विहाराच्या पायरीवर नवरामुलगा बुद्धप्रिय घड्याळाकडं बघत उभा होता. उपासना उतरल्यावर त्याचा चेहरा उजळला, जयभीम झाला, वंदना झाली, पेढे वाटले गेले. उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण भिक्खूजींना यायला बारा वाजले.

परतताना यशपालच चालवत होता. "आई, शर्त मी जिंकलो."

"व्हय."

"गाडीचं काय करायचं, ते मी ठरवणार."

"व्हय रं," तानीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मग मी हिला धारवाडला नेतो. झकास गाडी हाय की! तुम्ही दोघांनी हिचे हाल केले नुसते!"

त्यालाही आता दिवस झाले. उपासना आणि बुद्धप्रिय निपाणीतच असतात. त्यांनी स्कूटर घेतली. भरमूनं पांढरीचा जुना मीटर खानापूरच्या एका मास्तरांच्या गाडीत बसवला. आपली गाडी पेट्रोलच पीत नाही, असं ते मास्तर अभिमानानं सांगत फिरतात. भीमाप्पा महिनाभर रुसले, मग भरमूच्याच दुकानात बाकड्यावर बसून लोकांना गाड्यांबद्दल सल्ले देऊ लागले. यशपाल दर रविवारी पांढरीला स्वतः धुतो आणि तिचे फोटो पाठवतो.

तानीबाईंची गाडी राहिली, त्यात शंकाच नाही. महिन्यातून एकदा यशपाल खासबागेत येतो आणि आई-आप्पांना फिरवून आणतो. पुढची सीट समताची, म्हणून तानीबाई मागं बसतात. आणि बसल्या की दर वेळी पुढून तो सांगतो, "आई, दार जरा हळू लाव गं. जुनी गाडी हाय!"

तानीबाई हळू लावतात.