करमाफीचे खाते आत्याबाईंनी राखिले, त्याची हकिकत

वाचणाऱ्या धन्यांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, थोरांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरण्यास केवढी मसलत लागते हे कोणी लिहून ठेविले नाही, सबब हा खटाटोप. यात पदरचे काही घातले नाही, आणि जेथे घातले तेथे खऱ्यास शोभेल इतकेच घातले.

तर आत्याबाई म्हणजे कोण, तर मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षे चादरींवर इस्त्री फिरविलेल्या, खाशा डॉक्टरांच्या कोटावरही एक सुरकुती राहू न देणाऱ्या मुकादमीण, आणि आता निवृत्त होऊन धाकट्या बंधूंच्या घरी तिसऱ्या मजल्यावर मुक्काम करून राहिलेल्या. इमारतीस लिफ्ट नाही, पायऱ्या सहासष्ट, आत्याबाईंचे गुडघे दोन, आणि दोन्ही फितूर. मग महिनेच्या महिने जिना उतरणे होईना, आणि रस्त्यावर काय चालले आहे हे भावजयीच्या तोंडून ऐकावे लागे, आणि भावजय सांगताना निम्मे विसरे.

अशा समयी त्याच इमारतीत तळमजल्यावरची एक खोली रिकामी जाहली. दाराशी बाक, खिडकीसमोर रस्ता, उंबरठा उतरला की माणूस जगात. आत्याबाईंची नजर तीवर बसली ती बसलीच. मसलत सरळ होती. पेन्शन पोटास पुरे, आणि निवृत्तीची पुंजी आपल्या जुन्या करमाफीच्या बचत खात्यात टाकावी, जेथील व्याजास सरकार हात लावीत नाही, म्हणजे व्याज सबंध हाती येऊन खोलीचे भाडे त्यातून सुटेल. त्या खात्यात वर्षास किती टाकावे याची मर्यादा सरकारने बांधिली होती, आणि पुंजी त्या मर्यादेत नेमकी बसत होती. साध्या खात्यात ठेवावी तर कर कापून जे उरे त्यात फार तर दाराबाहेरचा बाक भाड्याने मिळता.

ऐसे असता एका गुरुवारी सकाळी रेडिओवरून खबर आली की सरकार दरबारी खलबते चालू आहेत आणि ती मर्यादा निम्मी करण्याचा मनसुबा आहे. अंमल कधीपासून हे कोणी सांगेना. कोणी म्हणे पुढल्या वर्षी, कोणी म्हणे उद्याच फर्मान सुटते. आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच हुकूम सोडिला तो येणेप्रमाणे: "आज जायचं. आत्ता. माझी निळी चप्पल काढा."

येथे बंधुराजांची ओळख देणे प्राप्त आहे. हे विजेचे मीटर वाचण्याच्या कामावरून निवृत्त जाहलेले, आणि घरातील समस्त कागदांचे मुतालिक. या घराचा शिरस्ता ऐसा की कागद कोणाचाही असो, तो बंधुराजांपुढे जावा, आणि बंधुराजांनी चष्मा चढवून वाचावा आणि ज्याचे त्याचे नाव आपल्याच हाते लिहून मोकळे व्हावे. मुलीचे प्रगतिपुस्तक, बायकोचे पार्सल, बहिणीचा अर्ज, सारे एका हाताखाली. घरात एकाने कागद पाहावे आणि बाकीच्यांनी सुखाने जेवावे, हे त्यांचे राज्यशास्त्र. ताई खाली राहण्यास जाते हे त्यांस मनातून नापसंत होते, परंतु ताईंपुढे तसे बोलावे एवढी छाती त्यांस देवाने दिली नव्हती.

मग दहाच्या सुमारास खाशी स्वारी निघाली. आघाडीस बंधुराज कागदांची थैली घेऊन, मध्ये आत्याबाई कठडा धरून, पिछाडीस भावजय पाण्याची बाटली आणि दोन फोटो घेऊन. पहिल्या मजल्यापर्यंत तीन मुक्काम पडले. एका मुक्कामी भावजयीने विनविले, "वन्सं, रिक्षा दाराशी बोलवू का?" त्यास उत्तर आले, "दारापर्यंत पोचू दे, मग बोलव. रिक्षा काही जिना चढणार नाही." आणि स्वारी पुढे कूच करिती जाहली.

बँकेत पाहतात तो सारा मुलूख लोटलेला. ज्यांनी सात वर्षांत बचतीचा विचार केला नव्हता तेही खबर ऐकून दौलत वाचविण्यास आले होते, आणि एक गृहस्थ नुसतेच आले होते, सारे का आले हे पाहण्यास. चिठ्ठीवर नंबर चौऱ्याहत्तर मिळाला, भिंतीवर एकोणीस झळकत होता. तेव्हा खुर्ची धरून मोर्चा दिला, आणि दोन प्रहर उलटून गेल्यावर चौऱ्याहत्तरास बोलावणे आले.

खिडकीमागे चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी कागद पाहिले, ओळखपत्र पाहिले, आणि आत्याबाईंची सही पाहून थबकल्या. दरवर्षी थोडी रोख भरावयाची तर सहीचे काम पडत नसे. परंतु मोठी रक्कम साध्या खात्यातून करमाफीच्या खात्यात वळवायची, तर अठ्ठावीस वर्षांपूर्वी खाते उघडतानाच्या सहीशी आजची सही ताडून पाहण्याचा कायदा होता. बाई म्हणाल्या, "काकू, सही जुळत नाही. आठवून परत करा बघू."

आत्याबाईंनी परत केली, तीही जुळली नाही. बाईंनी मान हलविली. तेव्हा बंधुराज कानाशी लागून कुजबुजले, "ताई, आधी मोठा गोल, मग खाली शेपूट, आणि शेपटाखाली दोन टिंबं."

"माझ्या सहीला शेपूट कधीपासून फुटलं रे?" आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि रांगेतील पाच-सात माणसांनी माना वळविल्या.

येथे विधिलिखित पाहा. उशीर होतो, बहीण अडली, कागद समोर आणि पेन हाताशी, ऐसे पाहून बंधुराजांचा हात सवयीने पुढे जाहला, आणि "आण इकडे, मी करतो" म्हणत त्यांनी गोल, शेपूट आणि दोन टिंबांसह आत्याबाईंची सही ठोकून दिली. चष्मेवाल्या बाईंनी ती जुन्या कार्डाशेजारी धरिली आणि म्हणाल्या, "काका, ही मात्र हुबेहूब जुळली."

हे ऐकताच भावजयीने पाण्याची बाटली स्वतःच पिऊन टाकिली. बंधुराज कबूल जाहले की खाते उघडण्याच्या दिवशी ताईंस धुलाईखान्यातून सुट्टी अर्धाच तास होती, आणि त्या फोटो काढण्यास पलीकडल्या दुकानी गेल्या होत्या, तेव्हा वेळ वाचावा म्हणून सही आपणच ठोकिली. आत्याबाई रागावल्या होत्या, परंतु त्याहून जास्त त्यांस वाईट वाटले, की आयुष्यभर उभ्याने राबून साठविलेल्या पैशावर आपले म्हणून एक अक्षर नव्हते.

चष्मेवाल्या बाईंनी निवाडा दिला तो ऐसा: फोटो खरा, ओळखपत्र खरे, पैसा काकूंचा, तेव्हा नवीन सहीचा अर्ज भरावा, त्यावर एकसारख्या तीन सह्या कराव्या, दोन साक्षीदार आणावे, आणि काकांना साक्षीदार करू नये. खिडकी तीन वाजता बंद. घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटे जाहली होती.

आता खरी लढाई जुंपली. आत्याबाईंनी पगाराच्या वहीनंतर कोठे सही केली नव्हती, सारे बंधुराज करीत. इतक्या वर्षांच्या गरम इस्त्रीने बोटे आखडलेली. पहिल्या अर्जावर एक सही वर चढली, दुसरी घसरली, तिसरी रेघ सोडून परागंदा जाहली. दुसऱ्या अर्जावर पेन टेकते न टेकते तो बंधुराज खांद्यावरून म्हणाले, "ताई, मनगट सैल सोड," आणि अर्ज वाया गेला. तेव्हा हुकूम सुटला, "तू बाहेर जा. दाराबाहेर. आणि काचेतून बघू नकोस." बंधुराज बाहेर गेले आणि काचेतून पाहत उभे राहिले.

मग आत्याबाईंनी तिसरा अर्ज समोर घेतला, डाव्या तळव्याने त्याचे कोपरे चादरीसारखे सरळ केले, आणि आपले नाव लिहिले. गोल नाही, शेपूट नाही, टिंब नाही. डावीकडून उजवीकडे, एका दाबात, सुरकुती न ठेवता. तीन वेळा. साक्षीस भावजय एक, आणि रांगेत मागे उभा असलेला प्लंबर एक, ज्याने आपली पाने-पकडीची पिशवी खाली ठेवून मोठ्या अदबीने सही केली. बाईंनी तिन्ही सह्या न्याहाळल्या आणि म्हणाल्या, "जुळतात." दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी रक्कम करमाफीच्या मुलखात दाखल जाहली. त्या समयी आत्याबाईंस रडू आले, आणि ते त्यांनी लपविलेही नाही.

सोमवारी सरकारचे फर्मान निघाले, की मर्यादा आहे तीच राहील, कमी करण्याचा विचार कधी नव्हताच, आणि लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. बंधुराजांस थोडा धीर आला. म्हणाले, "बघ ताई, उगाच धावपळ झाली."

"उगाच कशी? सरकारने काही घेतलं नसेल," आत्याबाई म्हणाल्या, "पण तुझ्याकडे होतं ते तर परत आणलं ना."

पुढे महिन्याच्या एक तारखेस घरमालक खोलीचा करार घेऊन आले. कागद टेबलावर पडताच बंधुराजांचा हात खिशातील पेनाकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्यांनी ते पेन काढून बहिणीच्या हाती दिले. मग हात रिकामा राहिला तो कोठे ठेवावा हे त्यांस सुचेना. लहान तोंड करून विचारिते जाहले, "मग आता मी काय करू?"

"तू कपाटाचं खालचं टोक धर," आत्याबाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळी खाली येत जा बाकावर. मला वर चढवत नाही."

येणेप्रमाणे सहासष्ट पायऱ्या, दोन फितूर गुडघे आणि एक प्रेमळ भाऊ इतक्यांवर मात करून तळमजला फत्ते जाहला. गनीम रणात आलाच नाही, तरी त्याने फत्तेस उणेपणा नाही. खोलीच्या करारावर सही आत्याबाईंची, दस्तुर खुद्द.