जनूभाऊंचा अनुमोदक

जनूभाऊंच्या घरात ठरावाशिवाय चहासुद्धा होत नसे. "चहा करावा. सूचक मी. अनुमोदक?" असं ते बसल्या जागेवरून विचारत. तोवर स्टोव्ह पेटवून झालेल्या त्यांच्या पत्नी बेबीकाकी आतून सांगत, "हाय माझं अनुमोदन. साखर न्हाय." मग साखरेवर वेगळी चर्चा चाले.

शेलारच्या रस्त्याला एका कारखान्यात जनूभाऊ आणि मी कापडाचे लूम चालवायचो. ते अंजूर गावचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पंखे आणि पिण्याचं पाणी यांसाठी त्यांनी पहिला संप केला, जिंकला आणि लगेच युनियन काढली. सूचक-अनुमोदक नसलेला ठराव कोर्टात टिकत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की एका कामगाराच्या मयतीला सरणापाशी उभं राहून त्यांनी अग्नी देण्याचा ठराव मांडला. "हरकत असंल तर आत्ताच बोला, मागाहून न्हाय." मयताच्या मेव्हण्यानं खरोखरच हात वर केला. मयताचा भाऊ कल्याणला गाडीतून उतरला होता, त्याला रिक्षा मिळत नव्हती. एवढा वेळ हे बोलायची त्या मेव्हण्याची हिंमत झाली नव्हती. सगळे तासभर थांबले. भाऊ आला, त्यानं तोंड पाहिलं, मग ठराव मंजूर झाला.

अनुमोदक बहुतेक मीच असे. यूपीचे कामगार ते मोठं पद समजत आणि मला 'अनुमोदकसाब' म्हणत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे लूम भंगारात जाऊ लागले. वळ गावाकडे गोडाऊनं उभी राहिली आणि माणसं तिकडे पांगली. युनियनच्या बैठकीला निदान अकरा सभासद हवेत असा नियम होता, तो ठरावानं सातवर आला, मग तीनवर. शेवटी सोमवारच्या बैठकीला जनूभाऊंच्या घरी आम्ही दोघंच उरलो, तेव्हा दोनवर. जनूभाऊ तरीही उभं राहूनच बोलत. समोर बाकावर मी एकटा, आणि ते "बंधूंनो" म्हणत.

पालिकेच्या निवडणुकीत ते दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा हवा वेगळी होती. चार गल्ल्यांतल्या बाया आपणहून त्यांच्यासाठी घरोघर फिरत होत्या. वय सदुसष्ट. पुढची निवडणूक आपल्या नशिबात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि इथे मात्र सूचक-अनुमोदक खरोखरच लागतात, अर्जावर दोघांच्या सह्या हव्यात. जनूभाऊ एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते. सूचक काकी. अनुमोदक मी.

पुढचं मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

समोरचा उमेदवार एक गोडाऊनवाला शेठ होता. अर्जांच्या छाननीच्या आदल्या दिवशी त्याचा माणूस माझ्याकडे आला. दमदाटी केली नाही. आमचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते, ते त्याला माहीत होतं. सुपरवायझरची ड्युटी, परमनंट, म्हणाला. त्या बदल्यात एकच वाक्य बोलायचं.

ते मी दुसऱ्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यासमोर बोललो. "ही सही माझी नाही." जनूभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेच लिहून दिलं आणि मागच्या जिन्यानं खाली उतरलो. संध्याकाळी कळलं, अर्ज बाद झाला. आठवड्याभरात सगळीकडे पसरलं, की जनूभाऊंनी खोटी सही मारली. ही बोंब शेठच्या माणसांनी उठवली असं मी धरून चाललो आणि ड्युटीवर रुजू झालो. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. सहा वर्षं.

गेल्या महिन्यात काकी गेल्या. तेरावं होऊन गेल्यावर मी हिंमत करून गेलो. जनूभाऊ दाराशीच बसले होते. "ये, वसंता," एवढंच म्हणाले. मी शेठचा माणूस, ड्युटी, सगळं सांगून टाकलं. तुमच्या नावाला बट्टा लागला तो माझ्यामुळं, असंही म्हणालो.

"ते तुझ्यामुळं न्हाय," ते म्हणाले. "ते मीच बोललो."

मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं.

मी जिना उतरून गेल्यावर अधिकारी म्हणाला होता, सही पडताळून घेऊ. ती तुमच्या माणसाचीच निघाली तर अर्ज वाचेल, पण खोटं लिहून दिलं म्हणून त्याच्यावर पोलीस केस होईल. त्यावर जनूभाऊंनी सांगितलं, पडताळायची गरज नाही, सही मीच मारली. साहेबानं म्हातारा माणूस बघून केस न करता हाकलून दिलं.

"असं का केलंत, भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच बावळट प्रश्न विचारला होता.

"तू आत गेला असतास, तर सोमवारी बैठकीला कोन येनार व्हता?"

बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, तो वळेपर्यंत जनूभाऊ तिकडे बघत राहिले.

"तू न्हाय आलास. मंग तुझी काकी बसायची समोर," जनूभाऊ म्हणाले. "तिला माझं एक अक्षर पटायचं न्हाय. पन बसायची."

त्या दिवशी गुरुवार होता. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बाकावर बसलो.