तबकात राहिलेल्या विड्याची हकीकत

श्रीगजानन साक्ष, लेखणी नम्र. शके सोळाशे नव्वद, सर्वधारीनाम संवत्सर, माघ मास. राज्याचे नाव पुसाल तर लिहिणार नाही, लिहिणारास मान एकच आहे. त्या राज्यात रीत ऐसी की, महाराज कोणास "नाही" म्हणत नसत; जो येई त्याचे मागणे ऐकोन "दिले" म्हणत, आणि मग तबकातील विडा स्वहस्ते देत तर काम जाहले, विडा तबकातच राहिला तर काम बुडाले, ऐसे समजोन कारकून कलम खाली ठेवीत. दरबारी लहानथोर हे जाणत. परमुलखीचा मनुष्य मात्र हसतमुखे बाहेर पडे आणि वाट पाहात बसे.

त्या साली सटवोजी इंगळे नामे परमुलखीचा शिलेदार आला. त्याचा धाकटा भाऊ खेमोजी लढाईत सापडोन गडावरी बेडीत होता आणि खोकल्यातून रक्त पडत होते. सटवोजीने पागोटे पायांवरी ठेविले. महाराजांस खरेच कळवळा आला, बोलिले, "भाऊ दिला. घेऊन जा." आणि दैव ऐसे की, त्या दिवशी महाराजांचा उजवा खांदा आखडला होता, हात उचलेना, आणि डाव्या हाताने विडा देणे म्हणजे अपमान, मग विडा तबकातच राहिला. फडणीस त्रिंबकपंतांनी ते पाहिले आणि हुकूम लिहिला नाही. सतरा दिवस सटवोजी गडाच्या दरवाज्याशी बसला. अठरावे दिवशी महाराजांची स्वारी तेथून चालली, आणि त्यास पाहोन पुसिले, "अजून येथेच? भाऊ कोठे?" तो बोलिला, "हुकूम आला नाही जी." मग महाराज पंतांवरी रागे भरले, "आम्ही तोंडाने दिला म्हटले की नाही?" पंत शांतपणे बोलिले, "म्हटले, महाराज. तोंडाने तर आपण नित्य म्हणता." यावरी महाराज स्वारीतून खाली उतरले. आम्हांस त्यांची दया आली, खोटे का लिहावे.

मग महाराज स्वतः पायी गड चढले आणि कोठडीत शिरोन "सुटलास" म्हणाले. खेमोजी जागचा हलला नाही. पहारेकरी थट्टेने त्यास रोज हेच ऐकवीत. मग त्याने दारातील थोरल्या भावाचे तोंड पाहिले. सटवोजी उभ्याने रडत होता. तेव्हा खेमोजीने बेडी काढावयास पाय पुढे केले.

सारांश, भाऊ सुटला, विड्याची रीत तैसीच राहिली, मात्र महाराज त्या दिवसापासोन कधीमधी "नाही" म्हणू लागले, आणि ते पहिल्याच वेळेस सर्वांस समजे.