बोल-चाल

शनिवारी दुपारी तहसील कचेरीत हैदराबादचा फॉर्म आला, तेव्हा नक्कलनवीस महिपतराव उजव्या हाताची दोन बोटे तुरटीच्या पाण्यात बुडवून बसले होते. रविवारी जिनिंगवाल्यांशी क्रिकेटचा सामना होता आणि तुरटीने बोटांची कातडी घट्ट होऊन चेंडू हातभर वळतो, असे त्यांचे ठाम मत होते. चेंडू किती वळे हा वादाचा विषय असेल; पण बोटे वाळलेल्या कारल्यासारखी झाली होती यात वाद नव्हता.

"महिपतराव, हात पुसा अन् हे भरा," पेशकार लक्ष्मणराव म्हणाले. "नव्या राज्यासाठी मानसं निवडून राह्यले."

"निवडून?" महिपतरावांनी कान टवकारले. "कोन निवडून राह्यलं?"

"हैदराबादवाले. आजच्या डाकेनं परत पाठवाचा हाय. लवकर करा."

लक्ष्मणराव आणखी दोन वाक्ये बोलले असते तर पुढचे रामायण टळले असते. पण लक्ष्मणराव हे टीमचे कॅप्टनही होते आणि त्यांना पट्टीवर अंथरायच्या चटईची भोके शिवून घ्यायची होती. ते गेले.

सन छप्पन्न चालू होते. राज्ये मोडून भाषेप्रमाणे नवी बांधायचे ठरले होते. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात जाणार, बाकीचा जिल्हा आंध्रात जाणार, आणि मराठी बोलणाऱ्या कारकुनांना उचलून किनवटला नेणार, अशी कुजबुज कचेरीत होती. ती ऐकल्यापासून महिपतरावांना जेवण गोड लागत नव्हते. किनवट वाईट होते असे नाही. त्यांच्या बायकोचे, रेणुकाबाईंचे तर ते माहेर. बातमी ऐकताच त्यांनी ट्रंक झाडून उन्हात ठेवली होती. पण महिपतरावांची खेळपट्टी आदिलाबादेत होती. कापूस बाजारामागच्या पडीक जागेत सात वर्षे मुरूम टाकून, पाणी मारून आणि दगडी रूळ ओढून त्यांनी ती तळहातासारखी केली होती. बदली झाली तर माणूस ट्रंका नेतो, भांडी नेतो. पट्टी कशी नेणार?

महिपतरावांना दुसरे व्यसन शब्दांचे होते. मराठी माणूस चेंडू 'टाकतो' हे त्यांना सोसत नसे. टाकतात तो कचरा, नाहीतर बायको. तेलुगूत चेंडूला बंती म्हणतात आणि झेंडूलाही बंतीच म्हणतात, त्यामुळे तिथे बोलरचा माळी होतो. खरा शब्द इंग्रजांनी काढला, असे ते म्हणत. बोलर म्हणजे जो बोलतो तो. तोंड मिटून, मनगटाने. हे ऐकून टीममधले सगळे हसत, पण महिपतरावांची त्यावर श्रद्धा होती.

तर फॉर्म. तो उर्दूत होता, आणि सायक्लोस्टाइलची शाई संपत आल्यामुळे वरचा मथळा उमटलाच नव्हता. नाव, उम्र, ओहदा हे रकाने भरून महिपतराव चौथ्यावर आले. तिथे लिहिले होते, 'बोल चाल'. म्हणजे घरीदारी तुम्ही कोणती भाषा बोलता. पण उर्दूत बे, वाव, लाम ही तीन अक्षरे लिहिली की 'बोल' वाचा नाहीतर 'बॉल' वाचा, कागद काही म्हणत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी महिपतरावांनी काय वाचले असेल ते सांगायला जोशी नको.

बॉलची चाल! नवे सरकार नव्या टीमसाठी माणसे निवडत होते आणि बॉलची चाल विचारत होते, म्हणजे तिथे कोणीतरी जाणकार बसलेला असला पाहिजे. महिपतरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'लेगब्रेक. बीच बीच में गुगली.' चटईच्या घाईत लक्ष्मणरावांनी न बघताच खाली 'तपासले' म्हणून सही ठोकली.

हैदराबादेत हा कागद एका टेबलावर अडकला. आदिलाबादेत मराठी, तेलुगू, उर्दूबरोबर गोंडी आहे, कोलामी आहे, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. गुगली त्यांच्याच शेजारची कोणी असेल असे वाटले. लेगब्रेक उर्दूत 'लेगबरेक' वाचले गेले; ते मात्र एकाही यादीत सापडेना. तीन आठवड्यांनी एक साहेब फाइल घेऊन आदिलाबादेच्या स्टेशनावर उतरले. त्यांचा सारा जन्म दप्तरांत आणि शब्दकोशांत गेला होता. चेंडू त्यांनी पाहिला असेल तर शेजाऱ्याच्या पन्हाळीत अडकलेला.

"गुगली तुमकू आती?" त्यांनी महिपतरावांना समोर बसवून विचारले.

महिपतरावांना गहिवरून आले. सात वर्षांत हा प्रश्न इतक्या अदबीने कोणी विचारला नव्हता.

"आती ना साहेब. पूरे जिल्हे में मेरे अकेलेकोच आती."

"अकेले कू?" साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "वालिद से सीखे?"

"नही साहेब, वालिद को तो चीड थी. नागपूर के एक पोस्टमास्तर थे, उनसे."

"लिखते कौनसे हरफ में?"

"लिखते नही साहेब. मनगट से निकलती."

साहेबांनी 'लिपी नाही' अशी नोंद केली. "और लोगां समझते?"

"समझे तो फायदा क्या? सामनेवाला समझा, की ठोकताच."

साहेबांनी टाक खाली ठेवला. पंधरा वर्षे त्यांनी भाषांच्या मागे घालवली होती; समजली की मार बसतो अशी भाषा त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

"थोडा बोल के बताव."

"यहाँ?" महिपतरावांनी टेबलांमधली जागा नजरेने मोजली. "यहाँ पट्टी नही साहेब. बोलने के बाद जो चिल्लाते, वो बताऊ?"

"बताव."

महिपतराव उठले, गर्रकन वळले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "हौऽऽज्याट!"

बाहेर शिपायाच्या हातातला चहा सांडला.

"इसका माना?" साहेबांनी सावरून विचारले.

"पूछते साहेब. हुआ क्या, ऐसा."

"और जवाब?"

"जवाब बोलते नही. उंगली दिखाते." महिपतरावांनी एक बोट आढ्याकडे केले. साहेबांनी लिहिले, 'प्रश्न दोन हातांनी, उत्तर एका बोटाने.'

"इसमें लोरी है?" त्यांनी हळूच विचारले. "बच्चों कू सुलाने की?"

आता महिपतराव गोंधळले. निवड समितीला अंगाई कशाला पाहिजे? त्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिले. लक्ष्मणरावांनी एव्हाना फाइलमध्ये डोकावून घेतले होते.

"महिपतराव," ते कानाशी पुटपुटले, "बॉल चाल नाई, बोल चाल. भाषा पुसून राह्यले ते. तुमची भाषा."

महिपतराव पांढरेफटक पडले. पण माणूस सरळ होता. त्यांनी हात जोडले. "साहेब, माफी करना. मैं तो मराठी..."

"मराठीवालों की फेहरिस्त अलग है," साहेब यादीवरून मान वर न करता म्हणाले. "वो सब किनवट जारे. तुमारा नाम किसी फेहरिस्त में नही बैठता. तुमकू इधरीच रहना पडता."

एका बाजूला सत्य होते आणि एका बाजूला सात वर्षांचा मुरूम. महिपतरावांनी जोडलेले हात सोडले.

"मराठी भी आती साहेब," ते म्हणाले, "थोडी थोडी."

लक्ष्मणरावांना ठसका लागला. पण 'तपासले' खाली सही त्यांची होती, त्यामुळे तो ठसका खोकल्यावरच थांबला.

साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घरच्यांची साक्ष झाल्याशिवाय भाषा कागदावर चढणार नव्हती. लक्ष्मणरावांना घेऊन ते थेट महिपतरावांच्या दारात गेले. महिपतरावांना फाटकाबाहेर उभे केले. रेणुकाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या.

"बाई, ये घर में क्या बोलते?"

रेणुकाबाईंनी पदर सावरला. बारा वर्षांत हे कोणीतरी विचारावे म्हणून त्यांचा जीव तळमळत होता.

"तेच बोलते साहेब. उठलं का गुगली, जेवता जेवता गुगली. परवा तर निजेत बोलले."

"तुमकू समझती?"

"बारा साल हुए साहेब. एक अक्षर समजलं असंन तं देवाची आन."

"तो आपस में बात कैसा करते?"

"मी बोलतो अन् ते हो म्हनते. त्याइले माही समजत नाई, मले त्याइची समजत नाई. चाललं हाय."

साहेबांनी नोंद केली, 'पत्नी अन्यभाषिक. तरीही संसार सुखाचा.' निघताना त्यांनी रेणुकाबाईंना वाकून सलाम केला. रेणुकाबाईंना वाटले, चला, सरकारनेही आपले ऐकले.

दिवाळीच्या सुमारास हुकूम आला. लक्ष्मणराव तो घरी घेऊन आले आणि ओट्यावर उभ्याने वाचला. महिपतराव, भाषा लेगबरेक. दोन्ही राज्यांच्या यादीत भाषा बसत नसल्याने पुढील निर्णय होईपर्यंत मुक्काम आदिलाबाद. आधार, पत्नीचा जबाब.

"म्हंजे," रेणुकाबाई सावकाश म्हणाल्या, "माहं माहेर माह्याच तोंडानं गेलं?"

त्यांनी ट्रंक उचलून परत माळ्यावर टाकली आणि महिनाभर नवऱ्याशी मराठीही बोलल्या नाहीत.

महिपतरावांना वाटले होते, पट्टी राहिली म्हणजे सगळे राहिले. नोव्हेंबरात किनवटची गाडी लागली, तेव्हा लक्ष्मणराव चढले. मागोमाग यष्टिरक्षक अमृतराव चढले, सलामीची जोडी चढली आणि पंच असलेले बुजुर्ग दादाजीही चढले. अकरांपैकी नऊ मराठीच्या यादीत होते. दहावा हैदराबादला गेला होता.

"पट्टीले पानी मारत जा," अमृतराव खिडकीतून म्हणाले आणि जुनी बॅट महिपतरावांच्या हातात देऊन गेले.

कचेरीत नवे कारकून आले. माणसे चांगली होती, पण ती व्हॉलीबॉल खेळत. रविवारी महिपतराव एकटेच पट्टीवर गेले. तीन काठ्या रोवल्या, धावत आले, चेंडू टाकला. काठ्या चुकवून तो बाजाराच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेला. ते चालत गेले, तो घेऊन आले, पुन्हा टाकला. बारा वेळा असे झाल्यावर ते दगडी रुळावर बसले. आपल्याला येते ते कळणारे कोणी जिल्ह्यात उरले नाही, फॉर्म अखेर खरा झाला, हे त्यांना कळले आणि त्यांना रडू आले.

"जेवाचं नाई का?" मागून आवाज आला. रेणुकाबाई उभ्या होत्या. महिन्याभरातले हे पहिले वाक्य.

महिपतरावांनी डोळे पुसले. "येतो."

रेणुकाबाईंनी पट्टीकडे पाहिले, काठ्यांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. त्यांचा राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेनासे झाले. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि रुळाला टेकलेली बॅट धुण्याच्या मोगरीसारखी दोन्ही हातांत धरली.

"काऊन पाहून राह्यले? बोला."

"अवो, लागंन तुले."

"लागू द्या. माहेर गेलं, आता काय लागाचं राह्यलं?"

महिपतरावांनी पहिला चेंडू अलगद टाकला. रेणुकाबाईंच्या बॅटला लागून तो भिंतीवर जाऊन आदळला. दुसरा जरा जोरात टाकला, तोही तिथेच गेला. तेव्हा मात्र त्यांच्यातला बोलर चिडला. त्यांनी बोटे चोळली, मनगट वळवले आणि गुगली सोडली. ती आयुष्यातली सर्वात सुंदर गुगली होती. टप्पा पडला आणि चेंडू खरोखर हातभर वळला. रेणुकाबाईंनी तो वळून येईपर्यंत वाट पाहिली आणि चादर धोपटावी तसा धोपटला. चेंडू भिंतीवरून कापसाच्या गाड्यांत गेला.

"याले काय म्हनते तुमच्या भाषेत?" त्यांनी विचारले.

"आमच्यात याले नाव नाई." महिपतराव वळलेल्या मनगटाकडे पाहत होते. "पन समजली कशी तुले? कोनालेच समजत नाई थे."

"त्यात समजाचं काय हाय? बारा वर्सं आयकूनच राह्यलो."

जानेवारीत हैदराबादहून नवा फॉर्म आला. या वेळी महिपतरावांनी प्रत्येक रकाना तीनतीनदा वाचला. शेवटचा रकाना होता, 'ही बोली घरात आणखी कोणाला येते काय?'

महिपतरावांनी बराच विचार केला. मग सुवाच्य अक्षरात लिहिले, 'बायकोला. माझ्याहून बरी.'