पासष्ट वजा अकरा

हप्ता शेवटी वाढला नाही. घर विकावं लागलं नाही, मेहुण्याकडे बिऱ्हाड हलवावं लागलं नाही, सगळं सुरळीत पार पडलं. पण असं काही झाल्याची बँकेत कुठेही नोंद नाही आणि तिथल्या साहेबांनी तर 'असं काही झालेलंच नाही' म्हणून तोंडावर सांगितलं. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून चालू, आणि जिथे काहीच सुरळीत नव्हतं तिथून सुरुवात करू.

तर हप्ता वाढणार होता. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बँकेचं पत्र उघडून ठेवलं होतं आणि लिफ्टवाला त्याच्याकडे, बंद पडलेल्या लिफ्टकडे बघावं तसा, कुठून हात घालावा या विचाराने बघत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. वय बावन्न, गुडघे एकसष्ट. त्याच्या धंद्यात वर गेलेली गोष्ट कधी ना कधी खाली येतेच. व्याजदराचं तसं नसतं, हे त्याला गेली अकरा वर्षं कळत होतं, पण पटत नव्हतं.

"एकवीस हजार चारशेचे सव्वीस हजार नऊशे," बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात हिशेब बघायची आणि घरी येऊन पुन्हा हिशेबच बघायची. तिच्या वहीत सात हप्ते होते. घराचा, फ्रिजचा, मुलीच्या फीचा, क्रेडिट कार्डाचा, ते कार्ड भरायला घेतलेल्या कर्जाचा, लिफ्टवाल्याच्या कंपनीतल्या उचलीचा, आणि वॉशिंग मशीनचा. मशीन दोन वर्षांपूर्वी वारलं होतं. हप्ते मागे राहिले होते.

"पाच हजार पाचशे कुठून आणायचे, ते सांगा."

"चहा बंद करू," लिफ्टवाला म्हणाला.

"चहा मागच्या वाढीला बंद केलाय. आता पिताय ते गरम पाणी आहे."

त्याने कपात बघितलं. खरंच की.

तेवढ्यात मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा फोन आला. त्याने हप्ता वाढणार असल्याचं कळताक्षणी मागची खोली रिकामी करून ठेवली होती. घर विका आणि इकडे या, असं तो प्रेमाने म्हणायचा. त्या प्रेमाचाच भाग म्हणून त्याने बाथरूमचं वेळापत्रकही पाठवलं होतं. लिफ्टवाल्याच्या आईला पाच पन्नास ते सहा ही वेळ मिळाली होती. लिफ्टवाल्याच्या नावापुढे 'शक्यतो कामाच्या ठिकाणी' असं लिहिलं होतं.

"मी जाणार नाही," आई म्हणाली. शहात्तर वर्षांच्या आईने तीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं होतं. वेळापत्रक दुसऱ्याने करायचं आणि तिने पाळायचं, हे तिच्या आयुष्यात बसत नव्हतं. "बँकेत जा आणि विचार. विचारायला पैसे पडत नाहीत."

सोमवारी लिफ्टवाला बँकेत गेला. आधीच्या दिवशीची अर्धी दुपार एका अडकलेल्या लिफ्टच्या टपावर आणि सोमवारची सकाळ त्याच लिफ्टच्या खाली काढून तो आला होता. तीन नंबरच्या खिडकीत एक तरुण बाई होती. तिने त्याचा कर्ज क्रमांक टाकला.

"काका, हप्ता आहे तोच ठेवून मुदत वाढवता येते. फक्त कर्ज पासष्टाव्या वर्षाच्या आत फिटलं पाहिजे."

"मग राहू द्या. माझी तेरा वर्षं उरली, ती आधीच वापरून झालीत."

"नाही काका, तुमच्याकडे भरपूर आहेत. चोपन्न."

"चोपन्न काय?"

"वर्षं. पासष्ट वजा अकरा." तिने स्क्रीन बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. मिशा पांढऱ्या, कपाळाला ग्रीस. पुन्हा स्क्रीन बघितली. स्क्रीन पगार देते, माणूस देत नाही. "काका, तुम्ही अकरा वर्षांचे आहात."

लिफ्टवाल्याला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी कर्जाचा अर्ज त्याने लिफ्टच्या टपावर बसून, दातांत टॉर्च धरून भरला होता. एका चौकोनात कर्जदाराची जन्मतारीख आणि शेजारच्या चौकोनात इमारत पूर्ण झाल्याची तारीख. त्या तारखांची अदलाबदल झाली होती, आणि अकरा वर्षांत ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. हप्ता वेळेवर येत असेपर्यंत, कर्जदार कोण आणि इमारत कोण, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं.

चूक सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण ते उघडल्यावर त्यातून जांभई आली, आणि जांभई संपेपर्यंत बाईने कागद पुढे सरकवला होता. त्याने सही केली.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" घरी बायकोने विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे खोटं बोललात."

"बोललोच नाही."

कॉलेजात जाणारी एकोणीस वर्षांची मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "म्हणजे बाबा, तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान? मग दार लावताना आवाज करू नकोस. ताई अभ्यास करतेय."

आठ दिवस छान गेले. मग पत्र आलं. कर्जदार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असल्याचं बँकेच्या ध्यानात आलं होतं. त्यावर बँकेने काय करावं? कुणाला विचारायचं सोडून तिने नियम लावला. कर्जदाराने पालकाची सही आणि फोटो आणावा.

"अज्ञान आहेत हे आता लिहून आलं, बरं झालं," बायको म्हणाली. "मी एकटीच म्हणत होते."

आईने सही केली. वसतिगृहातल्या परवानगीच्या चिठ्ठ्यांवर करायची तशीच, ठसठशीत, खाली दोन रेघा ओढून. बँकेने लगोलग लिफ्टवाल्याचं पगाराचं खातं 'बालखाते' केलं, रोजची मर्यादा पाचशेवर आणली, आणि नवीन कार्ड पाठवलं. कार्ड पिवळं होतं. त्यावर एक जिराफ हसत होता. सोबत भेट म्हणून प्लास्टिकचा गल्ला.

पाचशेच्या वर काहीही खर्च करायचा तर ओटीपी आईच्या फोनवर जायचा. खरी अडचण इथे सुरू झाली, कारण आईने कपाटातून जुनं रजिस्टर काढलं होतं. तारीख, रक्कम, कारण, शेरा.

"आई, ओटीपी आलाय बघ. सांग पटकन."

"कशाला हवेत?"

"क्रेडिट कार्डाचे. किमान रक्कम भरायचीय."

"किमान का? वसतिगृहात मुली किमान आंघोळ करतो म्हणायच्या, तेव्हा मी चालू दिलं का? पूर्ण भर."

"पूर्ण भरायला पैसे नाहीत."

"मग ते कार्ड इकडे दे. पैसे येतील तेव्हा देईन."

कार्ड रजिस्टरच्या शेवटच्या पानात गेलं. त्याच आठवड्यात मुलीच्या नवीन मोबाइलवर 'आहे तो चालतो' असा शेरा पडला. बायकोने जुना सोफा देऊन नवा हप्त्यांवर घ्यायचं ठरवलं होतं, त्यावर 'बसता येते' असा. लिफ्टवाल्याने एकदा सुट्या भागांच्या दुकानात चारशे ऐंशीचा बेअरिंग घेताना जिराफाचं कार्ड पुढे केलं. दुकानदार म्हणाला, "मुलाचं आणलंत वाटतं चुकून?"

"माझंच आहे," लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. दुकानदाराने दहा कमी घेतले.

दुसरीकडे, कर्जदार अकराचा म्हणजे इमारत बावन्नची, हेही बँकेच्या ध्यानात आलं. पन्नाशीपुढच्या इमारतीची तपासणी लागते. त्यासाठी एक तपासनीस आला. अकरा वर्षांची इमारत बावन्नची दिसावी म्हणून काय करावं, यावर घरात दोन दिवस खल झाला होता. काहीच करावं लागलं नाही. बिल्डरने ते आधीच करून ठेवलं होतं.

तपासनीसाने भिंतीवर बोट ठेवलं. बोट आत गेलं. "बावन्न म्हणजे कमीच लिहिलंय," तो म्हणाला. "लिफ्ट पण बंद?"

"सोसायटीकडे पैसे नाहीत," लिफ्टवाला ओशाळून म्हणाला. चार मजले सगळ्यांनाच चढावे लागायचे. आई बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबायची.

"कर्जदार कुठाय?"

"हा काय," आईने मुलाकडे बोट दाखवलं. "उभा राहा नीट."

तपासनीस खूप वेळ बघत राहिला. त्याला त्या दिवशी अजून नऊ इमारती बघायच्या होत्या. त्याने अहवालात लिहिलं, 'मूल वयाच्या मानाने थोराड', आणि तो पायऱ्या उतरू लागला.

याच अहवालाने घात केला. महिन्याभराने बँकेच्या साहेबांनी कर्जदार आणि पालक दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर ती ओळ लाल शाईने अधोरेखित होऊन पडली होती.

"आजी, हे गृहस्थ बावन्न वर्षांचे आहेत."

"मला सांगता? मी होते तिथे."

"मग ही चूक दुरुस्त करायला हवी. मुदत रद्द होईल, हप्ता एक तारखेपासून सव्वीस हजार नऊशे."

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांपुढे मेहुण्याचं वेळापत्रक आलं. शक्यतो कामाच्या ठिकाणी. "ठीक आहे, साहेब," तो म्हणाला. भांडायचं म्हटलं तरी त्याला अंगात जोर आणावा लागला असता. "लिहून देतो. चूक माझीच आहे."

"तुम्हाला देता येणार नाही. अज्ञानाचा अर्ज चालत नाही. पालकांचा लागतो."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने पिशवीतून चष्मा काढला, पालकाच्या कागदाची प्रत काढली आणि त्यावर बोट फिरवत वाचलं, "'पालकाने सर्व व्यवहारांत अज्ञानाचे हित पाहावे.' तुमचंच आहे ना हे?"

"हो, पण..."

"हप्ता वाढणं त्याच्या हिताचं आहे का?"

साहेबांनी कागद उलटून मागची बाजू बघितली.

"मग मी सही करत नाही. अठराचा झाला की या, बघू."

साहेबांनी तीन नंबरच्या बाईला बोलावून जन्मतारीख परस्पर बदलायला सांगितली. तिने बदलली. संगणकाने ओटीपी मागितला. आईच्या पिशवीत फोन टुणकन वाजला.

"सांगा हो आजी," साहेब काकुळतीला आले.

"कशाला हवाय?" आई म्हणाली, आणि पिशवीतलं रजिस्टर काढून तिने पेनचं टोपण उघडलं.

साहेबांनी फाइल मिटली. पुढच्या वर्षी त्यांची बदली होती. "असं करू," ते म्हणाले. "असं काही झालेलंच नाही."

तर ते तिथे झालं नाही. घरी मात्र बऱ्याच गोष्टी झाल्या. चार महिन्यांत आईने कंपनीची उचल फेडली आणि वॉशिंग मशीनचे हप्ते संपवले. बायकोने त्या दिवशी वहीतलं मशीनचं पान फाडलं, चुरगळलं, पुन्हा सरळ केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिला. सातांचे पाच हप्ते उरले. कपात चहा परत आला, दुधासकट. पत्रं आता आईच्या नावाने येत, वसुलीचे फोनही तिलाच येत, आणि ती समोरच्या माणसाला आधी त्याचं नाव, गाव आणि जेवला का, हे विचारत असल्यामुळे ते हळूहळू कमी झाले. लिफ्टवाल्याला कुणी काही विचारत नसे. संध्याकाळी तो सोफ्यावर, बसता येत होतं त्या बाजूला, नुसता बसायचा. कित्येक वर्षांत तो नुसता बसला नव्हता.

मग वर्षाचा फॉर्म आला. बालखातं चालू ठेवायला दर वर्षी भरायचा होता. या वेळी त्याने तो टपावर बसून नाही, टेबलावर, चष्मा लावून, तारखा दोनदा बघून भरला. कर्जदाराचं वय बारा. पालकाचं वय सत्त्याहत्तर. शेवटचा चौकोन होता, 'पालकाच्या पश्चात व्यवस्था'.

तिथे पेन थांबलं. जिन्यावरून आईची पावलं ऐकू येत होती. ती बाजारातून परत येत होती. दुसऱ्या मजल्यावर थांबली, नेहमीसारखी. चालू लागली. तिसऱ्यावर परत थांबली. तिसऱ्यावर ती पूर्वी थांबत नसे.

तो उठला, खाली जाऊन तिच्या हातातली पिशवी घेऊन आला. "मी काय म्हातारी झालेय का?" असं तिने विचारलं. येत्या रविवारी सोसायटीची लिफ्ट स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं त्याने ठरवलं. एवढ्या सुट्या भागांचा ओटीपी ती देईल की नाही, ही शंका होतीच.

मग तो पुन्हा टेबलाशी बसला. तो चौकोन त्याने कोरा सोडला आणि फॉर्मला एक अर्ज जोडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बँकेकडे स्वतःहून काही मागितलं.

'मा. शाखाधिकारी यांस, सविनय सादर. अर्जदार अज्ञान असून त्यास सज्ञान होण्यास अद्याप सहा वर्षे अवकाश आहे. त्याचे सर्व व्यवहार पालकामार्फत सुरळीत चालू असून कोणतीही तक्रार नाही. तरी विनंती की, अर्जदाराचे वय नियमाप्रमाणे वाढू द्यावे. मात्र पालकाचे वय सत्त्याहत्तर येथेच स्थगित ठेवण्यात यावे, आणि तसे लेखी कळवावे.'