गादीच्या हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबरात प्रत्येक गादीला तालुक्याच्या कचेरीत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला घ्यावा लागतो. दाखला मिळाला नाही तर ती मृत धरतात आणि त्याच दिवशी तिचा कापूस जमा करून घेतात. नियम जुना आहे, कुणी कुरकुर करत नाही.

मनोहर गावंडे आपली लग्नातली गादी रिक्षात घालून सकाळीच हजर झाले. सोबत बायको, सिंधूबाई. गादी एकोणचाळीस वर्षांची, आणि गावंड्यांचा तिच्यावर फार जीव. दर रविवारी ती गच्चीवर ऊन खायची, काठीचे चार फटके खायची, खाली आली की पायथ्याची बाजू उशाकडे व्हायची. तिच्यावर बसून चहा प्यायची मुभा जावयालासुद्धा नव्हती. यंदा तर त्यांनी तिचा कापूसही पिंजून घेतला होता. तिथेच घोडं अडलं.

तपासनीस ढोरेबाई चप्पल काढून गादीवर आडव्या झाल्या, उठल्या, आणि त्यांनी नोंदवही उघडली.

"ओळखीची खूण, दोन खड्डे. डावीकडे एक, उजवीकडे एक, प्रत्येकी दोन इंच. ही तर सपाट आहे."

"पिंजून घेतली ना बाई. जास्त टिकावी म्हणून."

"टिकली असेल. पण हीच ती गादी कशावरून?"

गादी काही बोलली नाही. ती पहिल्यापासून अबोलच होती.

गावंडे गादीवरून हात फिरवू लागले. इतकी निगा राखली आणि आपल्याच हातानं तिची ओळख पुसली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"काहून रडवेले झाले?" सिंधूबाई म्हणाल्या. "खड्डे आपलेच होते. पुन्हा पाडून देऊ."

नियमात तशी सोय निघाली. मुदत पाच वाजेपर्यंत. ढोरेबाईंनी खिडकीखाली जागा करून दिली. गावंड्यांच्या घोरण्यावरून लग्नानंतर महिन्याभरातच हद्द ठरली होती, त्याप्रमाणे दोघं दोन कडांना, एकमेकांकडे पाठ करून निजली. रांगेतली माणसं पाय जपून टाकत होती.

"सिंधू, खड्डा नाहीच पडला तं?"

"इकडे सरका जरा. किती घाबरता."

गावंडे सरकले. थोड्या वेळानं ते घोरू लागले, आणि सिंधूबाईंनाही झोप लागली.

पाचला ढोरेबाईंनी त्यांना उठवलं आणि पट्टी लावली. मधोमध एकच खड्डा होता, चार इंच.

त्यांनी वहीतली जुनी नोंद पुन्हा वाचली. गावंड्यांनी गादीची कड घट्ट धरून ठेवली होती.

"दोन नि दोन चार," शेवटी त्या म्हणाल्या. "बेरीज जुळते. जागा बदलल्याचं कारण?"

"हे सरकले," सिंधूबाई म्हणाल्या.

कारणाच्या रकान्यात 'पती सरकले' असं लिहून ढोरेबाईंनी शिक्का मारला.

परतताना गावंडे रिक्षात गादीला टेकून बसले होते. "पुढच्या साली हीच खूण पाहतीन," ते म्हणाले. "खड्डा मधातच टिकवावा लागन."

"लागन ना," सिंधूबाई म्हणाल्या. "नियमच आहे तो."